बर्फाच्या कडेची खुंटी

१

मंगळवार, सकाळी पाच पन्नास. सुलियारिती हिमनदीच्या कडेला रोवलेली लोखंडी खुंटी जागेवर नव्हती.

ती नसल्याचं पहिल्यांदा पाहिलं चौकीदार लेओनिदास आपासाने. सोमवारी दुपारी बारा वाजता त्यानेच तिला लाल रंगाचा नवा हात दिला होता. आता तिथे नुसता दगडगोटा होता. बर्फ मागे हटताना टाकून गेलेला, नजर जाईल तिथपर्यंत सारखाच करडा. खुंटी नेमकी कुठे होती हे त्याला बोट ठेवून सांगता येईना. "इथेच कुठेतरी," एवढंच तो म्हणू शकत होता, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी टेप पडायची होती.

चार वर्षांपूर्वी सरकारने बर्फावर जायला बंदी घातली. तेव्हापासून पर्यटक फक्त खालच्या तळ्यापर्यंत येत, तेही दिवसाला चाळीस. दर मे महिन्यात गेल्या वर्षीच्या खुंटीपासून बर्फाच्या कडेपर्यंत टेप लावायची आणि बर्फ पंधरा मीटरहून जास्त मागे गेला असेल तर तळंही बंद करायचं, असं पुढचं कलम होतं. यंदाचे अंदाज बारापासून अठरापर्यंत होते. ज्याची जशी गरज तसा त्याचा अंदाज.

साडेसातला लेओनिदास वरच्या वस्तीत बासिलिया चोकेच्या दारात उभा होता. थोरल्या बाईला इथे मामाय म्हणतात. तो मूळचा इथला नसला तरी तेवढं शिकला होता.

"मामाय, खुंटी गेली."

"गेली म्हणजे? पाय फुटले तिला?"

"कुणीतरी उपटली. आणि आता लोक म्हणणार, चौकीदार झोपला होता. नाहीतर म्हणणार, चौकीदारानेच उपटली."

बासिलिया त्रेसष्ट वर्षांची, विधवा, सलग तिसऱ्यांदा गावाची न्यायपंच. तिच्याकडे एक वही, एक शिक्का आणि मेंढ्या, बांध, नवरा-बायको यांच्या भांडणांचा अकरा वर्षांचा अनुभव होता. तिने शाल घेतली, दार ओढलं आणि सवयीने वस्तीकडे पाहिलं. अकरा घरं. धूर तीनच घरांतून निघत होता: तिच्या, एर्मेलिंदाच्या आणि निकासिओच्या.

२

दहाला सरकारी जीप आली. इन्जिनिअर बुस्तिन्सा माणूस वाईट नव्हता. उंचीवर त्याचं डोकं दुखे, ओठ निळे पडत, आणि तो सगळी वाक्यं अर्ध्या श्वासात बोले.

"तुमच्या हातातल्या यंत्रात गेल्या वर्षीची जागा नाही का?" बासिलियाने विचारलं.

"आहे. पण या कड्यांमध्ये ते पाच-सहा मीटर इकडेतिकडे दाखवतं. पंधराच्या नियमाला पाच-सहाचा घोळ कसा चालेल बाई? म्हणून तर लोखंड रोवलं."

"मग आता?"

"उद्या दुपारी बारापर्यंत वाट बघतो. तोवर खूण जागेवर आली नाही, तर ती मुद्दाम नष्ट केली असं लिहावं लागेल. तसं लिहिलं की तळं बंद. आणि निकासिओ काहुआन्तिकोविरुद्ध पोलिसात तक्रार."

"त्याच्याच विरुद्ध का?"

"सभेत काय बोलला तो? अख्ख्या गावाने ऐकलंय."

ऐकलं होतं खरं. दहा दिवसांपूर्वी, खालच्या गावातल्या शाळेच्या पटांगणात, निकासिओ बाकावर चढला होता. पर्यटकांना तळ्यापर्यंत नेणारे चार घोडे त्याचे. "बर्फ वितळला तो काय माझ्या घोड्यांच्या लिदीने?" तो ओरडला होता. "गाड्या शहरात तुम्ही उडवा आणि कुलूप आमच्या तळ्याला लावा! आणि खुंटीच नसली तर मोजाल काय, कपाळ?" लोक हसले होते. बासिलियाही हसली होती.

"ओरडणारा माणूस चोरी करत नाही," ती म्हणाली.

"मग करणारा आणून द्या."

निकासिओ गेला तर वस्तीतली एक चूल विझेल, हे तिने त्याला सांगितलं नाही. ते कुठल्या कलमात बसणारं नव्हतं. तिने फक्त विचारलं, "बारा म्हणजे तुमच्या घड्याळाचे ना?"

३

पहिली चौकी. पत्र्याची खोली, खाट, रेडिओ, उशाशी बायबल. लेओनिदासने दालचिनीचा चहा पुढे केला. इथले लोक चघळतात आणि डोंगरालाही वाहतात, ते कोकाचं पान तो घरात ठेवत नसे. त्याच्या चर्चला ते चालत नाही.

"तळं बंद झालं तर चौकीही उठेल," बासिलिया म्हणाली. "मग तुझी बदली. बायकोपोरांकडे जाशील. तुझा फायदाच की रे."

"फायदा आहे, नाही कशाला म्हणू? इथे मी वाऱ्याशी बोलतो, मामाय. परवा स्वतःलाच 'शुभ प्रभात' म्हटलं आणि उत्तरही दिलं." तो हसला नाही. "पण काल दुपारी दोन ते सहा मी तळ्यावर होतो. चाळीसच्या वर सातजण आले होते, हुज्जत घालत बसले. वर कोण गेलं ते दिसलं नाही. गेलं असेल तर गोठ्यांमागच्या वाटेने."

बंदीपासून ती वाट फक्त वस्तीतलेच वापरत. बासिलियाने ते वहीत लिहिलं.

निकासिओ अंगणात खोगीर शिवत बसला होता.

"आलात का बेड्या घेऊन, मामाय?"

"बेड्या नाहीत, बटाटे आणलेत. हुस्ता कुठे दिसत नाही ती?"

"माहेरी. चार दिवस झाले. स्वतःच शिजवतो, म्हणजे स्वतःच जाळतो." त्याने तिला आत नेलं, पेटीवर बसवलं. "विचारा काय ते."

"काल दुपारी कुठे होतास?"

"इथेच. घोड्यांचे खूर तासत होतो. साक्षीदार घोडे. बोलवू का?"

"खुंटी तू घेतलीस?"

"घेतली असती तर सभेत ओरडलो असतो? मूर्ख आहे मी, पण एवढा नाही."

तो बोलत राहिला. बंदीबद्दल, इन्जिनिअरच्या टेपबद्दल, तळ्यावरून मागे फिरताना पैसे परत मागणाऱ्या पर्यटकांबद्दल. बासिलियाला त्याचं अर्धंच ऐकू येत होतं. खोलीत काहीतरी कमी होतं. चुलीमागची जमीन स्वच्छ झाडलेली होती. स्वयंपाकघर फार शांत होतं.

"काय बघताय?" त्याने विचारलं.

"काही नाही. मीठ कमी घाल. माणूस एकटा असला की मीठ जास्त पडतं."

तिसरं घर एर्मेलिंदाचं. एर्मेलिंदा सहासष्ट वर्षांची. तिची एकुलती मुलगी रोसेन्दा बासिलियाची धर्मकन्या होती, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. रोसेन्दा दूर अरेकिपा शहरात गेल्यापासून, म्हणजे सोळा वर्षं, दोघींपैकी एक रोज दुसरीच्या दाराशी जाई. सोमवारी दुपारीही बासिलिया इथे याच भिंतीला टेकून बसली होती.

"ये कोमाद्रे. उठत नाही हं. गुडघ्याने जीव खाल्लाय. काल तू गेलीस तशी आडवी झाले, ती उजाडेपर्यंत उठलेच नाही."

"कुणी वर जाताना ऐकलंस?"

"माझे कान माझ्या गुडघ्यांच्याच वयाचे गं."

"निकासिओला धरणार म्हणतात."

बटाटा सोलून सालं चुलीमागच्या, खाण्यासाठी पाळलेल्या गिनीपिगांना टाकणारा हात थांबला. "त्याला? त्याला कशाला? त्या पोराने काय केलंय?"

"काही केलं नसेल, तर कुणी केलं ते कळायला हवं. उद्या बारापर्यंत."

"तू सोडवशील त्याला," एर्मेलिंदा म्हणाली. ते विचारणं होतं की विनवणं, ते कळेना. मग ती बटाट्याकडे वळली. "सूप घेऊन जा. तुझं रात्रीचं काय आहे ते मला माहीत आहे. चहा आणि भिंत."

बासिलिया सूप घेऊन निघाली. दाराशी टकळी भिंतीला टेकवलेली होती, तपकिरी सुताने गच्च भरलेली. सोमवारी दुपारी एर्मेलिंदाने तिच्या डोळ्यांदेखत ही तपकिरी लोकर सुरू केली होती. तेव्हा टकळीवर सूत होतं बोटभर.

आडवं पडून टकळी फिरत नाही. तिला खाली लोंबायला जागा लागते.

घरी येऊन बासिलियाने वहीत लेओनिदासचं म्हणणं लिहिलं, निकासिओचं लिहिलं. तिसरं पान तिने कोरं ठेवलं.

४

बुधवारी साडेपाचला, उजाडता उजाडता, ती स्वतःची टकळी घेऊन एर्मेलिंदाच्या भिंतीपाशी उभी राहिली. टकळीवर तिने बोटभर तपकिरी सूत गुंडाळलं होतं. लोकर त्याच अल्पाकाची. कातरली तेव्हा दोघींनी अर्धी अर्धी वाटून घेतली होती.

इथली बाई रिकाम्या हाताने चालत नाही. पाय चालतात तशी बोटं चालतात आणि सूत उतरत जातं. म्हणून बायका वाट सुतात सांगतात: तळ्यापर्यंत अर्धी टकळी, बस थांबते तिथपर्यंत दीड. पुरुषांना यातलं काही कळत नाही, इन्जिनिअरांना तर नाहीच. बासिलियाला एवढंच सिद्ध करायचं होतं की बर्फापर्यंत जाऊन येताना सूत एर्मेलिंदाच्या टकळीइतकं भरत नाही. कमी भरलं तरी चालेल, जास्त भरलं तरी चालेल.

गोठ्यांमागून वाट वर चढत गेली. वाटेत आठ बंद घरं लागली. शेवटच्या घराच्या भिंतीवर चार वर्षांपूर्वीचा मजकूर होता: गरम सूप, पोंचो भाड्याने. पावसाने 'सूप' तेवढं धुऊन नेलं होतं. पूर्वी या वाटेने दिवसाला तीनशे माणसं चढत. लोक शिव्या देत, आरडाओरडा करत, घोड्यावरून पडत. आता तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि टकळीचं भिरभिरणं.

कातताना लोकरीतला राठ केस बोटाला लागतो. तो उपटून टाकायचा. तिने टाकला, आणि तो पडला तिथे गवताच्या काट्यात तसाच दुसरा केस अडकलेला दिसला. तपकिरी, राठ, कोरडा. वीस पावलांवर आणखी एक. ती थांबली नाही. बोटं थांबवली असती तर हिशेब चुकला असता.

बर्फाच्या कडेला ऊन पोचलं होतं. समोर तो करडा दगडगोटा. लेओनिदासने इथे अर्धा दिवस खुंटीचं भोक शोधलं होतं. पण सैल गोट्यांत भोक राहत नाही. बासिलिया भोक शोधत नव्हती. डोंगराच्या अंगातून लोखंड उपसणारी व्यक्ती वस्तीतली असेल, तर ती जागा उघडी टाकून जाणारच नाही, हे तिला ठाऊक होतं. तशी हिंमत तिची स्वतःचीही झाली नसती. तिने शेतात पेरणी बघावी तसा एकेक पट्टा पाहिला. पाचव्या पट्ट्यात एक चपटा दगड आडवा ठेवलेला होता. आजूबाजूचे सगळे उभे-तिरपे, हा एकटाच आडवा.

तिने तो एका बाजूने उचलला. खाली कोकाची तीन पानं होती. अखंड, एकावर एक, गुळगुळीत बाजू वर. त्यांच्याखालचे गोटे ओले आणि हलवलेले.

डोंगराची माफी मागितली होती. ज्या जागी चूक केली त्याच जागी मागितली होती, कारण दुसरीकडे मागून चालत नाही. खूण पुसायला आलेली व्यक्ती पुसलेल्या खुणेवर खूण ठेवून गेली होती.

लेओनिदास त्यातून सुटला. तो ते पान हातात धरणार नाही. बासिलियाने दगड होता तसा ठेवला, शेजारी आपली शाल पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले. मग ती उतरायला लागली, बोटं चालवत.

एर्मेलिंदाच्या भिंतीपाशी पोचली तेव्हा तिने टकळीकडे मुद्दाम पाहिलं नाही. हाताला वजन कळत होतं.

५

साडेनऊला तिने दोन्ही टकळ्या एकमेकींशेजारी चुलीपुढे ठेवल्या.

एर्मेलिंदाने दोन्हींवरचं सूत चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाली, "माझं सूत जरा बारीक आहे."

"दोघींना तुझ्याच आईने शिकवलंय, कोमाद्रे."

"तिने तुला जास्त मारलं. म्हणून तुझं जाड."

दोघी हसल्या नाहीत. बाहेर वारा सुटला होता.

"परवा दुपारी तू निघालीस ना," एर्मेलिंदा सांगू लागली, "तेव्हाच ठरवलं. गुडघा दुखतच होता, ते खोटं नाही. वर जाऊन आधी पावलांनी मोजलं. पंधराच्या वर भरत होतं. दोनदा मोजलं. मग हलवून हलवून काढली."

"का?"

"का म्हणजे? तळं बंद झालं की निकासिओ खाली सोन्याच्या खाणीवर जाणार. हुस्ता जाणार. मग राहिलं कोण? तू आणि मी. आणि मग एक दिवस, तू किंवा मी." तिने लाकूड चुलीत सारलं. "मला वाटलं, खुंटी नाही तर मोजणी नाही. मोजणी नाही तर चाललंय तसं चालेल. त्याच्यावर येईल हे नाही आलं डोक्यात. खरंच नाही आलं गं."

"बारा वाजता त्याचं नाव लिहिलं जाईल."

"मग तू माझं लिही. पण तो राहिला पाहिजे."

बासिलियाला इथे थांबता आलं असतं. वहीत नाव लिहायला पुढचं काही लागत नव्हतं.

"तो चाललाच आहे," ती म्हणाली. "त्याच्या चुलीमागे एकही गिनीपिग नाही. जमीन झाडून ठेवलीय. चार दिवस माहेरी जाताना कुणी गिनीपिग विकत नाही. हुस्ता माहेरी नाही, खाली सिकुआनी शहरात खोली बघायला गेलीय. तळं उघडं राहो की बंद होवो, तो जाणार होता. म्हणून तर मला कळलं, खुंटी त्याने घेतली नाही. निघालेल्या माणसाला खुंटीचं काय?"

एर्मेलिंदाने तिच्याकडे पाहिलं. "कधी कळलं तुला?"

"काल. त्याच्याकडून निघून इथे आले तेव्हा कळत होतं."

"आणि काही न सांगता तू माझं सूप घेऊन गेलीस."

ती उठली, गुडघा धरून. बिछान्यातली मेंढीची कातडी बाजूला केली आणि खालून लोकरी पोंचोत गुंडाळलेली खुंटी काढली. लाल रंग जिथे ओला होता तिथे त्याला लोकर चिकटली होती.

"घ्या," ती म्हणाली. "लिहा, न्यायपंच."

तिने कोमाद्रे म्हटलं नाही.

६

बाराला दहा कमी असताना खुंटी त्या तीन पानांच्या जागी रोवली गेली. हजर होते इन्जिनिअर बुस्तिन्सा, लेओनिदास, निकासिओ, एर्मेलिंदा आणि बासिलिया. लेओनिदासने टेपचं एक टोक धरलं. इन्जिनिअरने दुसरं बर्फाला टेकवलं, पाहिलं, परत टेकवलं.

"पंधरा मीटर दहा सेंटीमीटर."

निकासिओच पहिला बोलला. "म्हणजे वीतभरसुद्धा जास्त नाही."

"वीतसुद्धा नाही," इन्जिनिअर म्हणाला. तो दगडावर बसला, श्वास घेतला. "पण खुंटी एवढ्या तंतोतंत परत बसली, हे मी कशाच्या आधारावर लिहू बाई? पानांच्या?"

"तीन पानं, अखंड, चपट्या दगडाखाली. असं लिहा."

त्याने तसं लिहिलं. ही मोजणी ग्राह्य धरायची की नाही ते कार्यालय ठरवेल, हेही लिहिलं. खुंटी काढल्याबद्दल एर्मेलिंदाचं काय करायचं तेही कार्यालयच ठरवेल. तोवर तिने वस्तीच्या वर पाऊल ठेवायचं नाही. बासिलियाने वहीचं तिसरं पान भरलं, शिक्का मारला आणि वाचून दाखवलं. एर्मेलिंदाने सही केली.

निकासिओ टोपी हातात घेऊन तिच्यापाशी आला. "माझ्यासाठी केलंत हे, मामाय?"

"तुझ्यासाठी नाही रे," एर्मेलिंदा म्हणाली. "माझ्यासाठी."

"मी सांगणारच होतो. या रविवारी सांगू, त्या रविवारी सांगू, असं चाललं होतं."

"सांगितलं असतंस तर माझा गुडघा वाचला असता."

त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला तो चारही घोड्यांवर सामान लादून उतरला. जाताना बासिलियाच्या दाराशी थांबला, एर्मेलिंदाच्याही. तिने त्याला उकडलेले बटाटे आणि चीज बांधून दिलं. त्या दिवशी आणि त्याआधीच्या दिवशी दोघी बायका एकमेकींच्या दाराशी गेल्या नाहीत. सोळा वर्षांत असं झालं नव्हतं.

शनिवारी दुपारी चौकीच्या रेडिओवर निरोप आला: सुलियारितीची मोजणी आणि तळ्याची बंदी, दोन्हींवर निर्णय पुढच्या बैठकीत. बैठकीची तारीख दिलेली नाही. लेओनिदास तो निरोप सांगायला वर आला. निरोप सांगून झाल्यावरही तो बासिलियाच्या दाराशी थोडा वेळ उभा राहिला.

"आणखी एक, मामाय. रोसेन्दाचा फोन आला होता, अरेकिपाहून. रात्रीच्या बसने निघतेय म्हणाली. उद्या इथे पोचेल."

"आईला भेटायला, की न्यायला?"

"विचारलं मी," तो म्हणाला. "मध्येच फोन कटला."